नववं भोक

हिउमा बेटावर मे महिन्यात बर्फ हटतं,
पण पाणी अजून चावतं.
सहा वर्षं पालथी पडलेली होडी आम्ही उलथली,
एल्मर गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.
कायकस तिचं नाव, म्हणजे कुरव.
अक्षरं इतकी पुसट, की वाचायला
नाव आधी ठाऊक असावं लागतं.

तालिनहून मी आणलं होतं
चार मिलिमीटरची पोलादी तार,
बेअरिंगच्या दोन कप्प्या,
निळ्या ठिपक्यांचा दोर, जो ताणला तरी वाढत नाही
(दुकानदाराच्या म्हणण्यानुसार),
आणि एक वही,
जिच्यात मी हिवाळाभर
या होडीच्या चुका काढल्या होत्या.

डोलकाठी तिघांनी उभी केली:
मी, शेजारचा टाउनो,
आणि टाउनोच्या शिव्या.
खाचेत बसताना ती एकदा कण्हली.
ओळंबा सोडला तर
वरचं टोक चार बोटं मागे.

"तशीच असू दे," बाकावरून अल्विने.
तिला आता उजेड तेवढा दिसतो, वस्तू नाहीत.
"ताठ उभी केलीस
तर वाऱ्याकडे तोंड करायला रुसते."

मग तारा. डावी, उजवी, नाळेकडची.
पाना फिरवत गेलो, फिरवत गेलो,
तार अशी झाली की चिमणी बसली असती तर वाजली असती.
अल्विने चाचपत आली,
नखाने तार छेडली,
कान लावला.
"चढी आहे. सोड."
अर्धा आटा.
"अजून."
पाव.
"हं. इथे तो गप्प बसायचा."

आता राहिले खुंट.
मोठ्या शिडाचा, धाकट्या शिडाचा,
दोन्ही दोर डाव्याच अंगाला बांधलेले,
सगळे पाहुणे एकाच बाकावर कोंबावेत तसे.
वहीत मी तांबड्या शाईने लिहिलं होतं:
'मांडणी गैरसोयीची. उजवीकडे न्यावेत.'
नेले.
मागे आठ भोकं उरली.
ज्युनिपरच्या आठ मेखा तासल्या,
ठोकल्या, घासल्या.
हातांना दोन दिवस तो वास.

संध्याकाळी हे सगळं अल्विनेला सांगितलं,
जरा फुशारकीनेच.
ती राईचा पाव कापत होती, कापत राहिली.
"लाकूडगिरणीत त्याच्या उजव्या हाताची
तीन बोटं गेली, तेव्हा तू जन्मला नव्हतास.
उरलेली दोन सिगरेट धरण्यापुरती."

लहानपणी मला वाटायचं
खिशात हात घालून उभं राहणं
हा त्याचा तोरा आहे.

खुंट मी परत हलवले नाहीत.
मला दहा बोटं आहेत, आणि होडी
आता मला चालवायची आहे.
पण रात्री वही उघडली
आणि तांबडी शाई बघून
बंद केली.

जूनमध्ये अल्विने होडीत आली,
डोक्याला रुमाल, मांडीवर भाजलेल्या माशाचं पुडकं.
शीड भरलं, होडी कलली,
आडोशाकडची तार लगेच ढिली लोंबली.
मी पान्याकडे वळलो.
"अरे राहू दे. त्या बाजूची ढिली पडणारच,
वळलास की तिची पाळी."

मग तिचं बोट फळीवरून सरकत
मेखांवर आलं. थांबत, थांबत.
"आठ?"
"आठ."
"त्याने नऊ पाडली होती.
पहिलं चुकलं. डाव्या हाताने नवा होता ना.
मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस."
आणि ती इतकी हसली
की माशाचं पुडकं सांभाळायला
सुकाणू सोडावं लागलं मला.

सप्टेंबरात जुना रंग खरवडताना सापडलं:
बाकीच्यांहून बोटभर वर,
तिरकं,
डांबराने बुजवलेलं,
आणि भोवती गिरमिटाचे
घसरल्याचे चार ओरखडे.

टाउनो रोज विचारतो,
तेवढी एक फळी
रंगवायची का राहिली.